'द पियानो टीचर' लावावा की 'डिसिजन टू लीव्ह'?

मालवणात श्रावणातल्या एका संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात सिनेमा दाखवायचा, विषय माणसाला माणसाचा लागलेला ध्यास आणि चौकटीत न बसणारं नातं, आणि गाडी या दोन नावांवर अडलेली. माझं मत आधीच सांगते. सगळ्यांनी मिळून बघायचा तर 'डिसिजन टू लीव्ह'. 'द पियानो टीचर' एकट्याने बघावा, तोही मन ठिकाणावर असताना.

'द पियानो टीचर' २००१ चा, दिग्दर्शक मिखाएल हानेकेचा. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला ग्रां प्री हे दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक मिळालं, शिवाय इझाबेल ह्युपेर आणि बेन्वा माजिमेल या दोघांनाही अभिनयाची पारितोषिकं. मूळ कादंबरी एल्फ्रीड येलिनेक यांची. एरिका व्हिएन्नात पियानो शिकवते, आईच्या धाकात राहते, इतक्या मोठ्या वयातही तिच्या शेजारच्या पलंगावर झोपते. पहिल्याच प्रसंगात आई तिची पर्स उपसते, नवा ड्रेस सापडतो, ओढाओढीत फाटतो, आणि लेक आईच्या झिंज्या धरते. पुढे वॉल्टर हा तरुण विद्यार्थी तिच्या मागे लागतो.

एका तालमीत वॉल्टर एका घाबरलेल्या मुलीला धीर देतो. एरिका हे बघते, उठून बाहेर जाते, काचेचा ग्लास कापडात गुंडाळून पायाखाली चिरडते आणि ते तुकडे त्या मुलीच्या कोटाच्या खिशात ओतते. तिच्या मत्सराबद्दल कुणी एक अक्षर बोलत नाही. पार्श्वसंगीतही नाही, संगीत येतं ते कुणीतरी वाजवत असतं म्हणूनच. एरिका झालेल्या ह्युपेरचा चेहरा बघताना अंगावर काटा येतो. अभिनय शिकणाऱ्यांनी हा सिनेमा चुकवू नये. पण त्यात स्वतःला इजा करणं आहे, लैंगिक हिंसा आहे, आणि ती सौम्य करून दाखवलेली नाही. ज्याच्या आयुष्यात असं काही घडून गेलंय, त्याला शेजारपाजाऱ्यांमध्ये बसवून हे दाखवणं मला पटत नाही.

कोरियन दिग्दर्शक पार्क चान-वूकचा 'डिसिजन टू लीव्ह' २०२२ चा. कानमध्ये दिग्दर्शनाचं पारितोषिक त्यालाच. डोंगरावरून पडून एकजण मरतो. पोलीस अधिकारी हे-जुनला मेलेल्याच्या बायकोचा, सो-रेचा संशय येतो, आणि पाळत ठेवता ठेवता तो तिच्यात गुंततो. त्याचं स्वतःचं लग्न झालेलं. बायको समुद्राकाठच्या गावी अणुवीज प्रकल्पात, हा नोकरीपायी बुसान शहरात, भेट शनिवार-रविवारची. घरातलं एक माणूस कायम मुंबईला असणं ज्या कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय, त्याला या संसारातला रितेपणा समजावून सांगावा लागणार नाही.

चौकशीच्या खोलीत तो तिच्यासाठी महागडी सुशी मागवतो. खाऊन झाल्यावर दोघं न बोलता टेबल आवरतात, डबे गोळा करतात, पुसतात. वर्षानुवर्षं एका घरात राहिल्यासारखे हात चालतात. संशयित आणि पोलीस. स्पर्श जवळजवळ नाहीच, तरी मनाई कुठे मोडली ते नेमकं कळतं. सो-रे झालेल्या तांग वेईच्या या कामापुढे मला खुनाचा उलगडाही दुय्यम वाटला.

शेवट सांगणार नाही. एवढंच सांगते, की त्यात किनारा आहे आणि भरतीचं पाणी आहे. सुकती कधी, भरती कधी, पाणी कुठवर चढणार हे लहानपणापासून ठाऊक असलेल्या माणसाच्या पोटात तिथे इतरांच्या आधी गोळा येईल. निव्वळ या कारणासाठीसुद्धा हा सिनेमा किनाऱ्यावरच्या गावात दाखवायला हवा.

ज्येष्ठ मंडळी जास्त असतील आणि दोन्ही नावं जड वाटत असतील, तर सत्यजित राय यांचा १९६४ चा 'चारुलता' आहे. वहिनी आणि चुलत दीर, रिकामी दुपार, दुर्बिणीतून रस्ता बघणारी बाई. झपाटलेपण कमी, घुसमट मात्र तितकीच खोल.

'डिसिजन टू लीव्ह' ठरलाच तर सव्वादोन तासांहून मोठा आहे, तेव्हा सहाला सुरू करा म्हणजे लांबून आलेल्यांना घरी जाता येईल. लहान मुलांना आणू नका म्हणून आधीच कळवा. आणि उशिरा येणाऱ्यांसाठी दार सारखं उघडू नका. तपासाचे बरेच धागे पहिल्या अर्ध्या तासातच पेरलेत, सबटायटल वाचताना एक निसटला तरी पुढे माणूस चाचपडत राहतो.