जीएफएस२: सामायिक डिस्क माउंट करताना पर्यायच निर्णायक

एकाच सामायिक डिस्कवर अनेक सर्व्हरांनी एकाच वेळी लिहावे आणि तरीही एकाच्या लेखनावर दुसऱ्याने घाला घालू नये, हे अवघड काम २००६ पासून लिनक्स कर्नलमध्ये असलेली जीएफएस२ ही फाइल सिस्टिम चोख पार पाडते. मात्र तिचा वेग आणि सुरक्षितता माउंटच्या, म्हणजे डिस्क सर्व्हरला जोडून वापरासाठी उघडण्याच्या, पर्यायांवर बरीच अवलंबून असते.

सर्वाधिक लाभ वाचनाची वेळ नोंदवणे बंद करणाऱ्या ‘नोएटाइम’चा होतो. तो न दिल्यास नुसत्या वाचनामुळेही फाइलची वेळ नोंदवण्याची पाळी येते, त्या नोंदीसाठी नोडला (डिस्क वापरणाऱ्या सर्व्हरला) संपूर्ण क्लस्टरकडून (अशा सर्व्हरांच्या गटाकडून) लेखनाचे लॉक, म्हणजे एकट्याने लिहिण्याचा हक्क, मिळवावे लागते, आणि लहान फाइलींनी भरलेल्या डिरेक्टरीत ही ओढाताण लगेच जाणवते. माझ्या मते हा पर्याय एफएसटॅबमध्ये (माउंटच्या नोंदींच्या फाइलमध्ये) असायलाच हवा.

सर्व्हरांमधले लॉक बंद करणारा ‘लॉकप्रोटो=लॉक_नोलॉक’ हा पर्याय मात्र जपून वापरावा. एकाच यंत्रावर बॅकअपची प्रत उघडण्यासाठी तो सोयीचा आहे. पण तीच डिस्क दुसरीकडे माउंट असताना तो दिला, तर डेटाची हानी जवळजवळ अटळ ठरते.

लिहिणाऱ्या प्रत्येक नोडला स्वतंत्र जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) लागतो. जर्नल कमी पडल्यास नव्या नोडवर डिस्क माउंटच होत नाही, आणि ‘जीएफएस२_जॅड’ या आज्ञेने जर्नलांची भर घालावी लागते. केवळ वाचणाऱ्या नोडसाठी ‘स्पेक्टेटर’ हा पर्याय पुरतो, कारण त्याला जर्नल लागत नाही.

सॅन (सर्व्हरांना सामायिक डिस्क पुरवणारे जाळे) आणि भरवशाचे फेन्सिंग (बिघडलेल्या नोडला डिस्कपासून तोडण्याची सोय) हाताशी असेल, तर ही फाइल सिस्टिम मी निःसंकोच सुचवेन. फेन्सिंग नसेल, तर नेटवर्कवरून एकाच सर्व्हरच्या फाइली वाटून देणारे साधे एनएफएस बरे.