कॅमेरा अस्सल होता, बोली खोट्या होत्या

जुन्या कॅमेऱ्यांच्या ऑनलाइन लिलावात माझी फसवणूक झाली. ती कशी झाली ते सविस्तर लिहिते आहे, कारण या प्रकाराबद्दल संग्राहक आपसात फार कमी बोलतात. आपण बोलतो ते नकली कॅमेऱ्यांबद्दल. मला मिळालेला कॅमेरा नकली नव्हता. काळ्या रंगाचा, कडांवरून पितळ उघडं पडलेला, निकेलच्या एल्मार लेन्ससह आलेला तो जुना जर्मन कॅमेरा, लायका II, शंभर टक्के खरा आहे. खोटी होती ती माझ्याविरुद्ध लागलेली बोली.

संग्राहकाचं सगळं लक्ष नकलीपणाकडे लागलेलं असतं, आणि ते साहजिकच आहे. लायका II आला 1932 साली. लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजून फोकस जुळवायचं साधन, अंगातच असलेला हा पहिला लायका. 1934 पासून खार्किवमध्ये त्याचीच सोव्हिएत प्रत, म्हणजे फेड, बनू लागली आणि 1948 पासून क्रास्नोगोर्स्कमध्ये झोर्की. आपापल्या जागी हे कॅमेरे चांगलेच होते. पण पुढे त्यांच्यावरची मूळ अक्षरं घासून तिथे लायकाचं नाव कोरण्याचा धंदा सुरू झाला. सोनेरी मुलामा, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकचं चिन्ह, जर्मन हवाई दलाची खूण असं काही दिसलं की बहुतेक वेळा आत फेड किंवा झोर्की निघतो. लेन्स काढून आत डोकावलं की खूप काही कळतं: लायकात रेंजफाइंडरच्या दांडीच्या टोकाला फिरणारं गोल चाक असतं, फेड आणि झोर्कीत सहसा चाकाऐवजी निमुळती घडवलेली पट्टी असते.

मी हे सगळं तपासलं होतं. विक्रेत्याकडून आतला फोटो मागवला, चाक गोल होतं. वरच्या पट्टीवरचा क्रमांक उत्पादनवर्षांच्या तक्त्याशी जुळत होता. (क्रमांक जुना आणि कॅमेरा नवा असं दिसलं तरी लगेच घाबरायचं कारण नसतं. लायका बनवणारी लाइट्झ कंपनी जुने लायका I परत घेऊन त्यांचे II करून द्यायची आणि क्रमांक तोच राहायचा.) शटरच्या कापडी पडद्याला भोकं नव्हती, लेन्समध्ये बुरशी नव्हती. विक्रेत्याने प्रत्येक प्रश्नाला नीट, सभ्यपणे उत्तर दिलं. वस्तूच्या बाबतीत त्याने एक शब्दही खोटा सांगितला नाही.

आता बोलीची यंत्रणा समजून घ्या, कारण चोरी तिथेच होते. अशा लिलावात आपण जास्तीत जास्त किती देऊ हे यंत्रणेला सांगून ठेवतो. तो आकडा इतरांना दिसत नाही. समोरून कोणी बोली लावली की यंत्रणा आपल्या वतीने तेवढ्यापुरती, एकच टप्पा वर जाते. समजा माझी कमाल बोली 1000 आहे आणि दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाची 600. मग वस्तू मला 600 च्या थोडी वर मिळते, 1000 ला नाही. किंमत जिंकणारा ठरवत नाही, दुसरा ठरवतो. अर्थतज्ज्ञ विल्यम व्हिक्री यांनी 1961 साली याच तत्त्वावरच्या लिलावाचं विश्लेषण केलं आणि पुढे 1996 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या पद्धतीचं बळ असं की आपल्या मनातला खरा आकडा सांगायला माणूस कचरत नाही. पण हे सगळं एका अटीवर उभं आहे: दुसरा माणूस खरा गिऱ्हाईक असला पाहिजे. तो विक्रेत्याचाच मित्र, भाऊ किंवा विक्रेत्याचंच दुसरं खातं असेल, तर मी विश्वासाने सांगितलेला आकडा हेच मला लुटायचं साधन होतं.

माझ्या लिलावात नेमकं तेच झालं. सुरुवातीची किंमत अगदी कमी ठेवलेली होती, राखीव किंमत (जिच्याखाली विक्रेता वस्तू देत नाही ती) नव्हती. पहिले काही दिवस तीन-चार जण हळूहळू वर जात होते. मग एका खात्यावरून एकदम प्रचंड बोली आली, माझ्या कमाल आकड्याच्या कितीतरी वर. मला सूचना आली की तुमची बोली मागे पडली. काही वेळाने दुसरी सूचना आली की तुम्ही पुन्हा पहिल्या क्रमांकावर आहात. त्या माणसाने बोली मागे घेतली होती, आणि कारण दिलं होतं ‘चुकीचा आकडा टाइप झाला’.

वरच्याच आकड्यांत सांगते. माझी कमाल 1000, चालू किंमत 600. कोणी 3000 ची बोली लावली तर यंत्रणा किंमत माझ्या 1000 च्या एक टप्पा वर नेऊन थांबवते. बस, त्याला माझी मर्यादा कळली. आता तो 3000 ची बोली मागे घेतो. किंमत पुन्हा 600 वर येते आणि लिलाव आधीसारखा दिसू लागतो. पुढे वेगळ्याच खात्यावरून 980 ची बोली येते. मी जिंकते, पण 600 ला जी वस्तू मिळाली असती ती जवळपास 1000 ला. कुठे काही वावगं घडल्याचं दिसत नाही, जिंकल्याचा संदेशही येतो. शेवटच्या काही तासांत बोली मागे घ्यायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते, म्हणून हा चाचपणीचा खेळ एक-दोन दिवस आधीच उरकला जातो. माझ्याही बाबतीत तो आदल्या दिवशीच झाला होता.

हे लक्षात आलं ते बऱ्याच आठवड्यांनी. त्याच विक्रेत्याने एक काँटॅक्स II कॅमेरा विकायला काढला होता आणि मी फक्त बघत होते. बोलीदारांच्या यादीत नावं झाकलेली असतात, दोन अक्षरं आणि मध्ये तारका. पण प्रत्येक खात्याला किती अभिप्राय मिळालेत आणि त्याच्या एकूण बोलींपैकी किती याच विक्रेत्याच्या वस्तूंवर आहेत, हे त्या संकेतस्थळावर उघडपणे दिसतं. किंमत वर चढवत नेणाऱ्या खात्याच्या जवळपास सगळ्या बोली याच एका विक्रेत्याच्या वस्तूंवर होत्या. कॅमेरे, लेन्स, लाइटमीटर, चामड्याच्या पेट्या, काहीही. आणि जिंकलेलं जवळपास काहीच नाही. मी माझ्या लिलावाची जुनी यादी उघडली. तिथेही तीच झाकलेली अक्षरं, तोच अभिप्रायांचा आकडा.

मी तक्रार केली. उत्तर आलं की चौकशी करू, पण निष्कर्ष गोपनीयतेमुळे कळवता येणार नाही. पुढे त्यातलं एक खातं बंद झालेलं दिसलं. विक्रेता मात्र सुरूच होता. पैसे भरले त्या सेवेकडे खरेदीदाराला संरक्षण असतं म्हणून तिथे दाद मागितली. त्यांनी विचारलं, वस्तू मिळाली का? मिळाली. वर्णनाप्रमाणे आहे का? आहे. मग प्रकरण बंद. हे संरक्षण वस्तू न येण्यासाठी किंवा वेगळी येण्यासाठी बनवलेलं आहे. किंमत कटाने चढवली गेली, हा प्रकार त्यांच्या अर्जातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. ज्यांना वाटतं की काही झालं तर पैसे परत मिळतीलच, त्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते वेगळंच. काही महिन्यांनी दुसऱ्या एका विक्रेत्याने तसाच लायका II भलत्या किमतीला ठेवला होता. इतका भाव कशाचा, असं विचारल्यावर त्याने पुरावा म्हणून एका ‘विकल्या गेलेल्या’ लिलावाचा दुवा पाठवला. तो माझा लिलाव होता. खोट्या बोलींनी ठरलेली किंमत आता बाजारभाव झाली होती, आणि पुढच्या माणसाला त्याच आधारावर सांगितलं जात होतं की एवढे तर द्यावेच लागतील. मी अनेक नवख्या संग्राहकांना भाव समजावून सांगते. त्यांनी बघितलेल्या आकड्यांत माझ्या फसवणुकीचा आकडाही आहे, याचा मला खरोखर राग येतो.

त्यात मोठ्या लिलावांच्या बातम्यांची भर पडते. 0-मालिकेतला एक लायका 2012 साली व्हिएन्नात 21.6 लाख युरोंना गेला, 2018 मध्ये दुसरा 24 लाखांना, आणि 2022 मध्ये वेट्झलरला लायकाचे जनक ऑस्कर बार्नाक यांनी स्वतः वापरलेला क्रमांक 105 तर 1 कोटी 44 लाख युरोंना. ही 1923 च्या आसपासच्या मोजक्या चाचणी कॅमेऱ्यांची गोष्ट आहे. 1930 आणि 40 च्या दशकांत मोठ्या संख्येने बनलेल्या कॅमेऱ्यांशी त्यांचा संबंध नाही. पण बातमी आली की लगेच साध्या लायका IIIc वरही ‘दुर्मीळ, गुंतवणुकीस उत्तम’ असं लिहिलेलं दिसतं, आणि अशा वेळी चढलेली बोली कोणाला संशयास्पद वाटत नाही.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. 2000 साली ईबेवर एका अमूर्त चित्राची बोली 1,35,805 डॉलरपर्यंत गेली होती, चित्र रिचर्ड डीबेनकॉर्न या चित्रकाराचं असावं अशा समजुतीने. विक्रेत्याने स्वतःच त्यावर बोली लावल्याचं उघड झालं आणि व्यवहार रद्द झाला. पुढे अमेरिकेत खटला उभा राहिला. काही जण मिळून अनेक खोट्या खात्यांवरून एकमेकांच्या वस्तूंवर बोली लावत होते, असं त्यात समोर आलं. म्हणजे ही युक्ती ऑनलाइन लिलावाइतकीच जुनी आहे. विक्रेत्याला तिचा मोह का होतो तेही उघड आहे. राखीव किंमत ठेवली की गिऱ्हाईक बिचकतं, काही ठिकाणी तिचं वेगळं शुल्कही पडतं. कमी किमतीला सुरुवात केली की गर्दी जमते, आणि खोट्या बोलीने तीच राखीव किंमत गुपचूप वसूल करता येते.

खुणा सांगते, पण एक गोष्ट आधी. प्रत्येक नवं खातं चोराचं नसतं. नवशिके संग्राहक घाईघाईने एकेक टप्पा वर जातात, पहिल्या क्रमांकावर येईपर्यंत थांबत नाहीत, आणि ते पूर्ण प्रामाणिक असतात. शिवाय जो विक्रेता फक्त दुर्मीळ रेंजफाइंडर विकतो, त्याच्याकडे तीच ती गिऱ्हाइकं वारंवार येणारच. म्हणून एका खुणेवरून कोणावर आरोप करू नका. अनेक खुणा एकत्र दिसल्या तर मात्र थांबा: अभिप्राय नगण्य, बहुतेक बोली एकाच विक्रेत्याच्या असंबंधित वस्तूंवर, बोली नेहमी लवकर आणि शेवटच्या तासात कधीच नाही, वारंवार मागे घेतलेल्या बोली, आणि इतकं करून जिंकणं जवळपास शून्य. खरा गिऱ्हाईक जिंकायला आलेला असतो. खोटा बोलीदार जिंकला तर विक्रेत्याचीच पंचाईत होते.

ही पंचाईत विक्रेता कशी सोडवतो, तेही ऐका. माझ्या ओळखीच्या एका संग्राहकाची बोली थोडक्यात हुकली. दुसऱ्याच दिवशी त्यांना विक्रेत्याकडून ‘सेकंड चान्स’ची, म्हणजे दुसऱ्या संधीची ऑफर आली: जिंकणाऱ्याने पैसे भरले नाहीत, तुमच्या कमाल बोलीला घेता का? वरवर हे नशीबच वाटतं. पण जिंकणारा खोटा असेल, तर त्याच्या सगळ्या बोली वजा करून यादी वाचायला हवी. त्यांनी तसंच केलं, तेव्हा खरी किंमत त्यांच्या कमाल बोलीच्या जवळपास निम्मी निघाली. त्यांनी तेवढीच देऊ केली. विक्रेत्याने उत्तरच दिलं नाही, आणि थोड्याच दिवसांत तोच कॅमेरा पुन्हा लिलावात आला.

तोच आहे हे त्यांनी क्रमांकावरून ओळखलं. जुन्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत आपल्या हाती असलेली ही मोठी सोय आहे, ती वापरा. आवडलेल्या कॅमेऱ्याचा क्रमांक, ओरखडे, रंग कुठे उडालाय, हे टिपून ठेवा. क्रमांकाचा फोटो नसेल तर मागा. ‘विकला गेला’ म्हणून नोंद झालेला कॅमेरा त्याच विक्रेत्याकडे परत दिसला, तर ती आधीची किंमत हिशेबात धरू नका. बऱ्याच ठिकाणी पैसे न भरलेला लिलावही यादीत ‘विकला’ म्हणूनच राहतो.

बोली लावताना कमाल आकडा आधीपासून यंत्रणेत ठेवू नका. शेवटच्या काही सेकंदांत एकदाच, ठरवलेल्या आकड्याची बोली लावा. चाचपून बघायला कोणाला वेळच उरत नाही. अर्थात आधीच वर नेऊन ठेवलेल्या खोट्या बोलीवर याचा इलाज चालत नाही, तिथे लिलाव सोडून द्यावा हे बरं. आणि जिथे शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ आपोआप वाढते, तिथे ही युक्ती निकामी ठरते. तिथे यादी वाचणं एवढंच हाती राहतं.

जो आधीच अडकलाय त्याने बोलीची यादी आजच जतन करावी. काही काळाने ती दिसेनाशी होते. मागे घेतलेल्या बोलींचा भाग वेगळा उघडावा लागतो, त्याचंही चित्र वेळेसकट घ्या. तक्रारीत ‘मला संशय आहे’ असं मोघम लिहू नका. कुठलं खातं, कुठल्या कुठल्या लिलावांत, किती वाजता, कुठल्या आकड्याला थांबलं, हे लिहा. एकाच विक्रेत्याविरुद्ध दोन-तीन खरेदीदारांनी एकत्र नोंदी दिल्या तर त्यांचं वजन वाढतं. माझ्या नोंदी मी त्या काँटॅक्स II च्या खरेदीदाराला पाठवल्या आहेत. आता आम्ही दोघं मिळून पुन्हा तक्रार दिली आहे.