एकट्याने ब्रेकमधली हवा काढण्याचा हातपंप: उपयोग अर्धाच

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. मानकानुसार ताज्या डॉट ३ (ब्रेक ऑइलची एक प्रत) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो, ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० अंशांवर उतरते, आणि लांबच्या घाटात ब्रेक दाबतच उतरणाऱ्याला हा फरक, तापलेले ऑइल उकळून पेडल मऊ पडल्याने, पायाखाली जाणवू शकतो. आमच्या जुन्या, एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीचे ऑइल बदलताना कोणाची मदत लागू नये, म्हणून मी हाताने दाबायचा व्हॅक्यूम पंप, छोटी बरणी आणि पारदर्शक नळी असलेला संच मागवला.

पहिले काम त्याने चोख केले. बॉनेटखालच्या टाकीतले कोऱ्या चहाच्या रंगाचे जुने ऑइल, तळाशी थोडे राखून, दोन मिनिटांत ओढून घेतले व एक थेंबही रंगावर सांडला नाही. (सांडलाच तर लगेच भरपूर पाण्याने धुवावा; हे ऑइल रंग सोलून काढते.)

खरी परीक्षा चाकांपाशी झाली. पुस्तिकेतल्या क्रमानुसार मागच्या डाव्या चाकाचे निपल (ब्रेकमधले जुने ऑइल व हवा बाहेर काढायचा छोटा पोकळ स्क्रू) पाव फेरा सैल केले, पंप दाबला, आणि नळीतून मोहरीएवढे बुडबुडे येऊ लागले ते थांबेचनात. अर्धी बाटली ऑइल खर्ची पडल्यावर लक्षात आले की ही हवा ब्रेकच्या पाइपातली नसून निपलच्या आट्यांमधून पंपच बाहेरून ओढत होता. आट्यांभोवती ग्रीस लावल्यावर बुडबुडे कमी झाले, पण आतली हवा संपली की नाही, हे नळीकडे पाहून कळेना. संचासोबतच्या पत्रकात याबद्दल अवाक्षर नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

शेवटी सौभाग्यवतींना पेडलवर बसवले. त्यांनी "दाबलाय" म्हटले की मी निपल सैल करायचो, पेडल खाली जाऊन टेकले की आवळायचो, आणि त्यानंतरच "सोड" म्हणायचो. हा क्रम चुकला तर हवा उलट आत शिरते. चारही चाके झाल्यावर पेडल दगडासारखे घट्ट लागले.

टाकी उपसण्यासाठी पंप जरूर घ्यावा. चाकांसाठी मात्र साधी नळी, बाटली आणि ओरडल्यावर ऐकणारा एक माणूस पुरतो. निपलला बसणारा रिंग पाना संचात नव्हता, तो मला हार्डवेअरच्या दुकानातून वेगळा आणावा लागला.