युद्धचित्रांच्या प्रिंट आणि कोकणची हवा: रत्नागिरीतलं एक फ्रेमचं दुकान

छपाई उत्तम. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट, कापताना मात्र समोर उभं राहा.

बाजारपेठेतलं हे दुकान मॅट कॉटन पेपरवर पिगमेंट शाईने छापतं, फ्रेमही तिथेच होते. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या ‘युद्धाचे अनर्थ’ या चित्रमालिकेला हाच कागद हवा. चकचकीत कागदावर त्यातल्या काळ्या भागात ट्यूबलाइटच दिसत राहते. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या साइटवर या मालिकेच्या फायली मोफत आहेत. ए4पेक्षा मोठं छापू नका. मूळ चित्रं जेमतेम वहीच्या पानाएवढी आहेत, जवळून बघण्यासाठी केलेली.

आता माउंट. 26 क्रमांकाचं ‘पाहवत नाही’ घ्या. गुडघे टेकून गयावया करणारी माणसं, आणि उजव्या कडेतून आत आलेली संगिनींची टोकं. शिपाई एकही दिसत नाही. तोवर युद्धचित्र म्हणजे बहुधा घोड्यावरचा सेनापती. गोयाने मारणाऱ्यांना चौकटीबाहेर ठेवलं, सगळी भीती त्या कडेवर आहे. दुकानात मात्र माउंटची खिडकी सवयीने चारही बाजूंनी 5 मिमी लहान कापतात. लग्नाच्या फोटोला ते चालतं, इथे संगिनीच झाकल्या जातात. छापतानाच भोवती 2 सेंमी कोरी जागा सोडायला लावा आणि खिडकी चित्रापेक्षा 3 मिमी मोठी मागा.

बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांचे (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांचे) फोटो फ्रेम करतानाही तेच. वीरगळ खालून वर वाचायचा: तळाला वल्ह्यांच्या जहाजांची रांग, मग झुंज, माथ्यावर स्वर्ग. आपल्याच किनाऱ्यावर शिलाहार राजांच्या काळातलं आरमारी युद्ध दगडात कोरलेलं आहे. तळपट्टी कापली तर जहाजंच गेली.

मागे एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) लावतात, ते नको. पावसाळ्यात फुगतं आणि बुरशी कागदावर चढते. सनबोर्ड (प्लास्टिक फोमचा हलका बोर्ड) लावून कडा टेपने बंद करून घ्या. माउंट अ‍ॅसिड-फ्री हवा, आणि काच कागदाला टेकता कामा नये, नाहीतर दमट हवेत प्रिंट काचेला चिकटते. लॅमिनेशन सुचवतील, ठाम नाही म्हणा. जांभ्याच्या भिंतीला ओल येते, म्हणून फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यांना रबराची बटणं लावून मागा, ती मिळतात.

पिकासोचं युद्धचित्र ‘गेर्निका’ मात्र इथे छापून मिळत नाही. पिकासोचं निधन 1973चं, त्यामुळे आपल्याकडे त्याच्या चित्रांचे हक्क 2033 अखेरपर्यंत आहेत. दुकानदार स्पष्ट नकार देतो, आणि त्याचं बरोबर आहे.