अठरा लाखांत जुनी जर्मन की नवी कोरियन?

भाच्याकडे अठरा लाख रुपये आहेत आणि डोक्यात सेडान आहे. सगळं गाव बोलेरो नाहीतर क्रेटा म्हणत असताना हा पोरगा सेडान म्हणतो, याचं मला कौतुकच आहे, कारण हा रोग त्याला माझ्याकडून लागला. प्रश्न त्याचा सरळ आहे. "मामा, या पैशात सात-आठ वर्षं वापरलेली बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, मर्सिडीज सी-क्लास नाहीतर ऑडी ए-फोर येते. कोरी ह्युंदाई वर्ना टर्बोही येते. काय घेऊ?"

मी दोन्ही करून बसलोय. २०१९ मध्ये पुण्याहून एमएच १२ पासिंगची जर्मन सेडान आणली आणि चार वर्षं वापरली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, वर लिहिलेल्या तिघींपैकीच एक समजा. २०२३ च्या शेवटी ती विकली आणि वर्ना टर्बो घेतली. म्हणजे पुढचं सगळं या दोन गाड्यांवरून आणि अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वेच्या आजूबाजूच्या रस्त्यांवरून सुचलेलं आहे. नागपुरात राहणाऱ्याला यातलं अर्धंअधिक लागू होणार नाही.

आधी पारावरच्या मताचं बघू. "कोरियन गाडी जर्मनची बरोबरी कायची करते?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही. बरोबरी झालेली आहे, फक्त ती आपल्या दारात आली नाही. कोरियन लोकांनी केलं काय, तर थेट माणसंच उचलली. ऑडी टीटीच्या डिझाइनमागचा पीटर श्रेयर २००६ मध्ये कियाकडे गेला. बीएमडब्ल्यूच्या वेगवान गाड्या बनवणाऱ्या एम विभागात इंजिनिअरिंग सांभाळणारा आल्बर्ट बीअरमान २०१५ मध्ये ह्युंदाईकडे, म्हणजे कियाच्याच घरात, आला. या दोघांचा हात लागलेली किया स्टिंगर २०१७ मध्ये बाहेर आली: मागच्या चाकांना ताकद, वरच्या मॉडेलमध्ये ३.३ लिटरचं ट्विन टर्बो व्ही-सिक्स, ३६५ हॉर्सपॉवर. जर्मनीत नुर्बुर्गरिंगच्या रेस ट्रॅकवर फिरवून फिरवून तिचं सस्पेन्शन बसवलं होतं. तिची बहीण, ह्युंदाईच्याच महागड्या ब्रँडची जेनेसिस जी-७०, हिला अमेरिकेच्या मोटर ट्रेंड मासिकानं २०१९ ची कार ऑफ द इयर ठरवलं. एवढं होऊनही स्टिंगर २०२३ मध्ये बंद झाली, आणि भारतात तर ती कधी विकायलाच आली नाही. लोकांना चालवायला कोरियन आवडली, पैसे मोजताना मात्र हात जर्मन बिल्ल्याकडे गेला, असं माझं आपलं वाचन.

चिनी लोक त्याच वाटेनं, पण बॅटरी घेऊन आले. बीवायडी सील इथं मार्च २०२४ मध्ये ४१ लाखांपासून सुरू झाली. तिचं वरचं मॉडेल ५३० हॉर्सपॉवरचं, शून्य ते शंभर ३.८ सेकंदात. बीएमडब्ल्यू एम-३४०आय हेच काम ४.४ सेकंदात करते आणि वीसेक लाख जास्त घेते. आमच्या तळेगाव दशासरच्या शंकरपटात बैलजोडी सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या हिशोबानं जिंकते-हरते, त्यामुळे सेकंदाची किंमत आम्हाला कुणी शिकवू नये. पण त्या जोडीला रोज पटात धावायचं नसतं, बाकीचे दिवस वखरच ओढायचं असतं. भाच्याच्या बजेटबाहेरची म्हणून सील इथंच सोडतो. शिवाय एक फेज गेली की आमच्याकडे विहिरीवरची मोटार जळू नये याची चिंता असते, गाडी कुठं चार्ज करता?

आता अठरा लाखांवर येऊ. वर्ना टर्बोचं दीड लिटरचं इंजिन १६० हॉर्सपॉवरचं आहे आणि कंपनी म्हणते शंभरला ८.१ सेकंद. त्या वयाची डिझेल थ्री सिरीज १९० हॉर्सपॉवरची, कागदावर एखाद्या सेकंदानं पुढे. हा एक सेकंद मला कधी कुठं सापडला नाही. ओव्हरटेक करताना दोन्ही पुरतात. पेट्रोल-डिझेलचा फरक मात्र पंपावर जाणवतो, तो तुमचा तुम्ही बघा.

फरक मोजायचं माझं यंत्र वेगळं आहे. आई मागे बसून अडकित्त्यानं सुपारी कातरते. चालत्या गाडीत कातरू नको म्हणून चाळीस वर्षं सगळ्यांनी सांगून झालं. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि पुढच्याच महिन्यात आम्ही शिर्डीला गेलो. जर्मन गाडी, काटा १२० वर, आणि मागून अडकित्त्याचा कट् कट् असा एकसारखा आवाज. सिमेंटच्या रस्त्यावर त्या गाडीचं स्टीअरिंग असं बसायचं की हातात जणू रूळ धरलाय. वळणावर बोटभर फिरवलं तर गाडी बोटभरच वळणार. कोरियन गाडीत तोच रस्ता, तोच वेग, आणि शेलूबाजारच्या आसपास आई म्हणाली, "थांब बरं जरा, सुपारी सांडते." गाडी हलत नव्हती, घाबरवतही नव्हती. पण शंभरच्या पुढे तिचं स्टीअरिंग थोडं हलकं आहे, ताकद पुढच्या चाकांना जाते, आणि जोरात दाबलं की ती चाकं आधी जरा विचार करतात. यात जर्मन पुढे आहे आणि माझ्या मते अजून काही वर्षं राहील.

हेच यंत्र समृद्धीवरून उतरून गावच्या रस्त्याला लागलं की उलटं सांगायचं. जर्मन गाडीत चाळीसच्या वेगालाही सुपारी कातरता येत नव्हती. दोष सस्पेन्शनचा असेल असं मी वर्षभर समजत होतो. दोष टायरांचा होता, आणि खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

बऱ्याच जर्मन गाड्यांना रन-फ्लॅट टायर येतात. त्यांच्या बाजूच्या भिंती इतक्या जाड आणि कडक असतात की हवा पूर्ण गेली तरी गाडी त्यांवर उभी राहते आणि ८० च्या वेगानं साधारण ८० किलोमीटर जाते. मग स्टेपनी कशाला, म्हणून ती काढून टाकतात. वजन वाचतं, डिकी मोठी होते. कल्पना उत्तमच आहे. फक्त तिच्या पोटात एक गृहीतक आहे: ८० किलोमीटरच्या आत असं दुकान असेल, जिथं तुमच्या मापाचा टायर ठेवलेला असेल. जर्मनीत असतंच. आमच्याकडे पंक्चरचं दुकान दर पाच-सात किलोमीटरला आहे, पण टायर म्हणजे ट्रॅक्टरचा, बोलेरोचा नाहीतर मोटरसायकलचा.

पहिल्यांदा खिळा लागला तेव्हा तळेगावच्या फाट्यावरच्या पंक्चरवाल्यानं बाहेरून रबराची वात भरायचं नाकारलं. "आतून पॅच लावून देतो भाऊ, पक्कं होते." मग टायर रिममधून काढायला बसला. एक टॉमी, म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पट्टी, लावली, दुसरी लावली, पोऱ्याला टायरवर उभं केलं. टायर ढिम्म. तिसऱ्या टॉमीला दोघं लटकले आणि टॉमीच वाकली. त्यानं ती माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "हा टायर हाय का लाकूड व्हय?" टॉमीचे पैसे मी दिले. शेवटी बाहेरूनच वात भरून घरी आलो.

दुसऱ्यांदा हसू आलं नाही. नोव्हेंबर २०२२, कापूस वेचणी जोरात. एकेरी डांबरी रस्ता, समोरून कापसानं फुगलेली ट्रॉली, दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेली. अशा वेळी डावी चाकं साइडपट्टीवर उतरवायची असतात, हे आमच्याकडे लायसनच्या आधी शिकतात. पावसाळ्यात साइडपट्टीची काळी माती वाहून गेली होती आणि डांबराची कड वीतभर उघडी पडलेली. परत वर चढताना मागच्या टायराची बाजू त्या कडेवर कापली गेली, पाच-सहा बोटं सरळ. बाजू फाटली की पॅच चालत नाही, हे आपण सगळे जाणतो. रन-फ्लॅट असल्यामुळे घरी आलो, त्याबद्दल टायराचे आभार. मग गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी केली आणि फोन करायला बसलो.

अमरावतीत नाही. यवतमाळला नाही. वर्ध्यात दुकानदारानं माप दोनदा विचारलं आणि हसला. नागपुरात होता, पण पुढचा. माझ्या गाडीला पुढचे टायर एका मापाचे आणि मागचे त्याहून रुंद होते, २५५/४० आर १८. हे माप शेवटी मुंबईहून मागवलं. अकरा दिवस गाडी शेडमध्ये. एक टायर तेवीस हजारांचा, आणि एका अॅक्सलवर, म्हणजे मागच्या जोडीत, जुना-नवा ठेवू नये म्हणून दोन घेतले. शेहेचाळीस हजार, म्हणजे त्या वेळच्या भावानं साधारण साडेपाच क्विंटल कापूस. पैशाचं दुःख आठवडाभर राहिलं. पण वेचणीच्या ऐन दिवसांत गाडी दारात असून मी धामणगावला दुसऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून जात होतो, ते अजून जात नाही. आई रोज शेडकडे बघून विचारायची, "हिले स्टेपनीच नाही? ऑटोलेबी असते."

हुशार लोक म्हणतील, साधे टायर घाल आणि एक स्टेपनी विकत घेऊन डिकीत टाक. मीही तेच ठरवलं होतं. पण डिकीत तिला खळगाच नाही. ती नुसती ठेवली की निम्मी डिकी गेली आणि वळणावर तिचा धपका पाठीत बसतो. त्याहून मोठी अडचण अशी की स्टेपनी पुढच्या मापाची ठेवायची का मागच्या? फाटणारा टायर आधी विचारून फाटत नाही.

वर्नाचं माप २०५/५५ आर १६. हे अगदी चालतं माप आहे, अमरावतीत ज्या दुकानात गेलो तिथं मिळालं. डिकीचा गालिचा उचलला की खाली स्टेपनी. आतापर्यंत दोनदा पंक्चर झालं. एकदा बाभळीचा काटा, एकदा कशानं ते कळलं नाही. दुसऱ्या वेळी रात्री नऊला पुलगावकडून येताना. मुलानं मोबाइलचा टॉर्च धरला, मी जॅक लावला, वीस मिनिटांत निघालो. आई गाडीतून उतरलीसुद्धा नाही, तिचं सुपारीचं काम चालू होतं. आणि टायरांची भिंत उंच व नरम असल्यानं गावच्या रस्त्यावर चाळीसला आता कट् कट् ऐकू येतं.

बाकीचं झटकन सांगतो. दोन्ही गाड्यांचं पोट गतिरोधकाला घाबरतं, पांदण रस्त्यावर दोन्ही नेऊ नका. माझ्या जर्मन गाडीचं अधिकृत वर्कशॉप नागपुरात होतं, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तेल बदलायचं तरी पूर्ण दिवस. वर्नासाठी अमरावतीला जातो आणि दुपारच्या जेवणाला घरी असतो. जर्मनचा दरवाजा लावल्यावर जो आवाज येतो तो वर्नाला येत नाही. लग्नात गाडी उभी केली की लोक कोणतीकडे बघतात ते विचारूच नका.

मधली वाट हवी असेल तर फोक्सवॅगन व्हर्टसची दीड लिटरची जीटी जरूर बघा. चाकणला बनते, १५० हॉर्सपॉवर, टायरांचं माप वर्नाचंच, डिकीत स्टेपनी. तिचं स्टीअरिंग मला वर्नाहून घट्ट वाटलं. मी ती का घेतली नाही? अमरावतीत त्या आठवड्यात मला हवा तो रंग नव्हता, एवढंच. याला कुणी कारण म्हणणार नाही, मीही म्हणत नाही.

भाच्याला मी घे किंवा घेऊ नको असं काही म्हटलं नाही. त्याचं बरंचसं चालवणं समृद्धीवर होणार असेल, नागपूर-संभाजीनगर चालू असेल, आणि घरी दुसरी कुठली तरी गाडी असेल, तर जुनी जर्मन त्याला आनंद देईल. मला तिनं दिला, खोटं कशाला बोलू. एकच गाडी ठेवायची असेल तर माझा कल त्याला माहीत आहे. जुनी बघायला पुण्याला गेलास तर इंजिनच्या आधी डिकीचा गालिचा उचल आणि पुढच्या-मागच्या टायरांची मापं लिहून घे, एवढं मात्र बजावलं. आणि वर्नाची टेस्ट ड्राइव्ह अमरावतीच्या बायपासवर घेऊ नको. शोरूमवाले गाडी घरी पाठवतात, तशी गावापर्यंत मागव. दिवाळीनंतर, वेचणी सुरू झाली की, संध्याकाळी पाचच्या सुमारास, ट्रॉल्या धामणगावकडे निघतात तेव्हा. आजीला मागे बसव.