१९६८ ची डॉज चार्जर आर/टी: रंगाला पैकीच्या पैकी, इंजिनाला नाही

काळी, शेपटावर लाल पट्टा असलेली ही १९६८ ची डॉज चार्जर आर/टी (रोड/ट्रॅक, चार्जरची ताकदवान आवृत्ती) अमेरिकेतल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे ९४,५०० डॉलरला विक्रीला आहे. जाहिरातीत तीन दावे आहेत: संपूर्ण रिस्टोरेशन, मूळ ४४० मॅग्नम इंजिन (४४० घनइंचांचं, जास्त ताकदीचं), आणि घेतल्यावर एकही काम निघणार नाही. पहिला दावा बराचसा खरा आहे. दुसरा खोटा आहे आणि तसं इंजिनावरच कोरलेलं आहे. तिसरा वायरिंगपाशी अडतो.

आधी नंबर. विंडशील्डमधून दिसणारी डॅशवरची व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) पट्टी एक्सएस२९एल८बी अशी सुरू होते. एक्स म्हणजे चार्जर, एस म्हणजे आर/टी, २९ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, एल म्हणजे ३७५ हॉर्सपॉवरचं ४४० मॅग्नम, ८ हे साल आणि बी म्हणजे मिशिगनमधला हॅमट्रॅमकचा कारखाना. साध्या चार्जरला एसच्या जागी पी असतो. अशा साध्या गाडीला बिल्ले आणि पट्टे लावून आर/टी म्हणून खपवणारे कमी नाहीत, म्हणून बिल्ल्याआधी हे अक्षर बघायचं. इथे पट्टीचे रिव्हेट फुलाच्या आकाराचे आणि न छेडलेले आहेत. नंबराचा शेवटचा भाग रेडिएटर सपोर्टवर आणि डिकीच्या रबराखालच्या कडेवरही ठोकलेला असतो. दोन्हीकडे तो जुळतो. रंगाच्या थराखाली पुसट झालाय, पण नखाला लागतो. बॉडी अस्सल आर/टीची आहे, यात शंका नाही.

बॉनेटखालच्या फेंडर टॅगवर (कारखान्याने गाडीचे तपशील ठोकलेली पट्टी) रंग हिरवा आहे, गाडी काळी आहे. कारखान्याच्या मूळ रंगावर अडून बसणाऱ्या गिऱ्हाइकाकडून पुढे कमी पैसे येतील, एवढंच. बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं याची कारखान्यातली यादी) मिळालेली नाही. ती बहुतेकदा मागच्या सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीवर अडकलेली सापडते. इथे सीटही नवी आहे आणि टाकीही.

आता इंजिन. डीलर ब्लॉकवरचा २५३६४३० हा कास्टिंग नंबर (ब्लॉक ओततानाच उमटवलेला) पुरावा म्हणून दाखवतो. तो नंबर खरा आहे, पण १९६६ ते १९७२ च्या ४४० ब्लॉकांवर हाच असतो, मग ब्लॉक आर/टीतला असो की लांबलचक सेडानमधला. बघायचा तो ड्रायव्हरच्या बाजूचा, ब्लॉकच्या पुढच्या टोकाला टॅपेट रेलजवळचा छोटा सपाट तुकडा. १९६८ च्या मॅग्नमवर तिथे डी हे सालाचं अक्षर, ४४० आणि पुढे एचपी (हाय परफॉर्मन्स) हवं. या इंजिनावर ई ४४० आहे आणि एचपी नाही. म्हणजे हे १९६९ चं, डॉज-क्रायस्लरच्या मोठ्या गाडीतलं ३५० हॉर्सपॉवरचं ४४० आहे.

चालवण्यापुरता याने फार फरक पडत नाही. दोन्हींचा बोअर ४.३२ इंच, स्ट्रोक ३.७५ इंच, आणि हेड्सही तेच, ९०६ नंबरचे. मॅग्नमला वेगळा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि मोकळे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मिळत. रिस्टोरेशन करणाऱ्याने मॅनिफोल्ड बदललेत आणि बिलात मॅग्नमच्या मापाचा कॅमही दिसतो. आठही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन १४० ते १५० पीएसआयमध्ये आहे, गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर समाधानकारक आहे, टॅपेटचा आवाज नाही. इंजिन चांगलं आहे, पण मूळ इंजिनाची किंमत त्याला लावता येत नाही. जाहिरातीतल्या ३७५ या आकड्यावरही जाऊ नये. तो ग्रॉस आकडा आहे, म्हणजे फॅन, एअर क्लीनर, सायलेन्सर यांचा भार न धरता टेस्ट बेंचवर मोजलेला. चाकापर्यंत त्यातलं बरंच कमी पोचतं. टॉर्क मात्र भरपूर आहे, कागदावर ३२०० आरपीएमला ४८० पाउंड-फूट, आणि ३.२३ गिअर गुणोत्तराच्या मागच्या ॲक्सलवरही पाय दाबला की मागची चाकं जागेवर फिरतात.

कॅम सपाट टॅपेटचा आहे. आजच्या साध्या ऑइलमध्ये झिंक कमी असतं आणि असे कॅम त्यात लोब झिजवून बसतात. जुन्या इंजिनांसाठीचं जास्त झिंकचं ऑइलच घालावं लागेल. हेड्समध्ये एक्झॉस्टच्या कडक सीट बसवल्याचं बिल आहे, त्यामुळे शिसंविरहित पेट्रोलची काळजी नाही. १०.१:१ कॉम्प्रेशन रेशोला प्रीमियम पेट्रोल लागतंच. रेग्युलर भरलं तर चढावर इंजिन खडखडणार.

गिअरबॉक्स ७२७ टॉर्कफ्लाइट, म्हणजे ऑटोमॅटिक. हा डबा मजबूत आहे, पण कार्बोरेटरपासून त्याच्याकडे जाणारा थ्रॉटल प्रेशरचा दांडा नीट सेट नसेल तर क्लच प्लेटा जळतात. कार्बोरेटर बदलताना हा दांडा लोंबकळत सोडून दिल्याची उदाहरणं पुष्कळ. इथे मूळ कार्टर कंपनीच्या कार्बोरेटरच्या जागी एडेलब्रॉकचा नवा आहे, त्यामुळे शंका होतीच. दांडा जोडलेला आहे, पण ढिला आहे: दुसरा गिअर फार लवकर आणि मऊ पडतो. अर्ध्या तासाचं काम, पण त्याआधी गाडी दामटू नये. गिअरबॉक्सचं ऑइल अजून लाल आहे, जळका वास नाही. ते तपासताना इंजिन गरम आणि चालू ठेवून गिअर न्यूट्रलमध्ये हवा. पार्कमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलने जोडणारा भाग) भरत नाही, डिपस्टिक खोटं सांगते आणि लोक ऑइल कमी भरून मोकळे होतात.

सगळ्यात जास्त वेळ वायरिंगवर घालवावा. या पिढीच्या क्रायस्लर गाड्यांत बॅटरी चार्ज करणारा सगळा करंट फायरवॉलमधल्या जोडणीतून आत डॅशवरच्या ॲमीटरमध्ये जातो आणि त्याच जोडणीतून परत बाहेर येतो. त्या काळच्या लहान अल्टरनेटरला हे चालून जायचं. पन्नास वर्षांत टर्मिनल सैल होतात, काळवंडतात, रेझिस्टन्स वाढतो आणि प्लास्टिक वितळतं. या गाडीत कुणीतरी १०० अँपिअरचा अल्टरनेटर आणि इलेक्ट्रिक फॅन बसवलाय, वायर मात्र जुन्याच. म्हणजे दुखणं होतं तिथेच ओझं वाढवलं. फायरवॉलवरची जोडणी उपसून पाहिली तर जाड लाल वायरीचं घर तपकिरी झालेलं आहे. याच कारणाने या गाड्यांचे डॅश पेटतात. उपाय महाग नाही: अल्टरनेटरच्या आउटपुटपासून स्टार्टर रिलेच्या स्टडपर्यंत ८ गेजची स्वतंत्र वायर फ्युजिबल लिंकसह (जादा करंट आला की फ्यूजसारखा वितळणारा वायरीचा तुकडा) ओढायची, आत ॲमीटरच्या दोन्ही वायरी एकाच स्टडवर आणायच्या, फॅनला रिलेवरून वेगळी लाइन द्यायची. ॲमीटरचा काटा मग शोभेचा उरतो. त्याच्या बदल्यात व्होल्टमीटर लावावा. हे होईपर्यंत गाडी लांब नेऊ नये आणि उभी करताना बॅटरी काढून ठेवावी.

ग्लोव्ह बॉक्समध्ये एक जादा बॅलास्ट रेझिस्टर (इग्निशन कॉइलचा करंट मर्यादेत ठेवणारा छोटा भाग) असू द्यावा. किल्ली फिरवताना इंजिन पकडतं आणि किल्ली सोडताच बंद पडतं, हे तो गेल्याचं लक्षण. पुष्कळ मेकॅनिक आधी कार्बोरेटर उघडत बसतात.

पुढचे दिवे झाकणारी दारं व्हॅक्यूमवर चालतात. इथे उजवं दार डाव्याच्या दोन सेकंद मागून उघडतं, म्हणजे कुठलीतरी नळी किंवा डायफ्रॅम गळतोय. गळती राहिली तर आयडलही डळमळतं, त्यामुळे हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही.

पत्र्याचं काम एकूण उत्तम. दारांच्या फटी सारख्या, क्वार्टर पॅनलच्या (मागच्या चाकावरचा पत्रा) रेषा सरळ, लाटा नाहीत. रंगाची जाडी बहुतेक ठिकाणी २०० ते २५० मायक्रॉन. नवीन रंगकामाला हे प्रमाण चांगलं. चार्जरची खरी परीक्षा मात्र मागच्या काचेपाशी असते. छताचे दोन्ही खांब मागे उतरत जातात आणि काच त्यांच्यामधल्या खोबणीत बसते. पाणी, पानं, धूळ सगळं तिथे साचतं. काचेखालचा कोपरा गंजतो, तिथून पाणी डिकीत, डिकीच्या तळातून टाकीच्या पट्ट्यांवर. या गाडीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात मीटर ९०० मायक्रॉन दाखवतो आणि चुंबक धरत नाही. तिथे पुट्टी आहे, आणि पुट्टीखाली गंज असणार. डिकीचा तळ नवा घातलाय, वेल्ड नीट आहेत, पण पाणी येण्याची वाट तशीच ठेवून तळ बदलला तर तो पुन्हा गंजणार. काचेवर बादलीभर पाणी ओतून डिकीत टॉर्चने बघा, पाच मिनिटांत कळेल.

लिफ्टवर चढवल्यावर टॉर्शन बारचा (पुढच्या सस्पेन्शनच्या पिळणाऱ्या सळया) क्रॉसमेंबर आणि मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांचे पुढचे हँगर ठोकून पाहावेत. या गाडीला वेगळी चासी नाही, त्यामुळे तिथला गंज म्हणजे मोठं काम. क्रॉसमेंबर खणखणीत वाजतो. हँगरवर मात्र ताज्या काळ्या अंडरकोटिंगचा जाड थर आहे, त्यामुळे वाजण्यावरून काही ठरवता येत नाही. थर खरवडू द्यायला डीलर तयार नसेल तर तेही उत्तरच.

ब्रेक पुढे डिस्कचे केलेत. मूळचे ११ इंची ड्रम एकदा थांबवायला पुरत, घाटात तापून दगा देत, त्यामुळे बदल योग्यच. पण मास्टर सिलिंडर ड्रमचाच ठेवलाय. त्यात थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, आणि डिस्कच्या लाइनवर तो राहिला की पॅड घासतच राहतात. दहा मैल फिरवून आणल्यावर दोन्ही पुढच्या डिस्क हात लावू देत नाहीत. मास्टर सिलिंडर बदलणे आणि मागच्या लाइनवर प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवणारा) बसवणे, एवढ्याने काम होईल. स्टिअरिंग बोटाने फिरतं आणि रस्त्याचं काहीच सांगत नाही. हा दोष नाही, क्रायस्लरचं पॉवर स्टिअरिंग तेव्हा असंच असे.

९४,५०० ही मूळ इंजिनाच्या गाडीची मागणी आहे. इंजिन बदललेलं, रंग बदललेला, बिल्ड शीट नाही, आणि वायरिंग, ब्रेक, काचेचा कोपरा ही तीन कामं डोक्यावर. २० टक्के खाली आल्याशिवाय हात मिळवू नये. चालवायला गाडी हवी असेल तर त्या भावात ही वाईट नाही. उलट इंजिन मूळ नसल्याने ती बिनधास्त पळवता येते.

टायरच्या बाजूवरच्या कोडाचे शेवटचे चार आकडे २२१४ आहेत, म्हणजे २०१४ चा बाविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर संपलंय. टायर बदलायला देताना एक सांगून ठेवा: डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत, स्टडवर एल अक्षर आहे. न सांगता न्यूमॅटिक गन लावली तर स्टड तुटतो.