आधी जॅकेट की आधी पँट? पंचवीस हजारांची वाटणी

भाच्याला पुण्यात नोकरी लागली. पहिल्या सहा महिन्यांत त्याने साडेतीनशे सीसीची बाइक घेतली, आणि आता दर दुसऱ्या शनिवारी चिपळूणला घरी जायचं ठरवलंय. परवा फोन आला, "मावशी, रायडिंग गिअरसाठी, म्हणजे बाइकवर घालायच्या संरक्षक कपड्यांसाठी, पंचवीस हजार बाजूला काढलेत. जॅकेट कुठलं घेऊ?"

पंचवीस हजार म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जॅकेटच येतं. सतरा-अठरा हजार त्यातच घालायचे, उरलेल्यात हेल्मेट, आणि खाली रोजचीच जीन्स आणि स्पोर्ट्स शूज. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. पाटणच्या पुढे एका वळणावर खडीवरून घसरले तेव्हा वेग चाळीससुद्धा नसेल. जॅकेटच्या कोपरावर नुसता ओरखडा, आणि डाव्या गुडघ्याची जीन्स मात्र गायब. ड्रेसिंग बदलायला तीन आठवडे खेपा घालत होते.

आधी त्याचा रस्ता बघू. दुचाकीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बंदी, समृद्धीवर बंदी. त्यामुळे आपल्याकडे बाइकवाल्याचा 'हायवे' म्हणजे खंबाटकीच्या चढावर ट्रकमागे रांगणं, सातारा-कराड पट्ट्यात हंगामात उसाच्या ट्रॉल्या, आणि उलट दिशेने बिनधास्त येणारी मंडळी. उंब्रजला महामार्ग सोडला की पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट आणि खाली चिपळूण. मे महिन्यात वर रणरणतं कोरडं ऊन आणि घाट उतरताच चिकट घाम. जुलैत कोयनेला असा पाऊस की समोरचा दिवा दिसत नाही. एकाच दिवसात हे सगळं सोसेल असा एक कपडा अजून निघालेला नाही, दुकानदार काहीही म्हणो.

पडताना अंगावर दोन वेगळ्या गोष्टी बेततात. एक म्हणजे आपटणं. ते मुख्यतः किती उंचीवरून पडलो त्यावर ठरतं, आणि तिथे कामाला येतं आर्मर, म्हणजे कपड्याच्या आत बसवलेले धक्का शोषणारे जाड तुकडे. दुसरं घसरणं. ते वेगावर ठरतं, आणि तिथे कस लागतो कापडाचा नि शिवणीचा. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. डांबरावर घासत थांबायला माणसाला ढोबळ हिशोबाने ४० मीटर आणि जवळजवळ ४ सेकंद लागतात. वेग निम्मा केला तर अंतर पाव होतं. साधी जीन्स ४ सेकंद टिकत नाही, पहिल्या सेकंदातच फाटते.

आता वाटणीचा मुद्दा. ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी अपघात झालेल्या २१२ मोटारसायकलस्वारांचा अभ्यास केला होता, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. बाइकसाठी बनवलेलं जॅकेट घातलेल्यांमध्ये इस्पितळात दाखल व्हावं लागण्याची शक्यता २१ टक्क्यांनी कमी निघाली. पँट घातलेल्यांमध्ये ५१ टक्क्यांनी, हातमोज्यांमुळे ५९ टक्क्यांनी. आपण नेमकं उलट्या क्रमाने पैसे घालतो! त्याच अभ्यासात आणखी एक डोळे उघडणारी गोष्ट होती. अपघातात सुमारे ३० टक्के जॅकेटं, २८ टक्के पँटी आणि २६ टक्के हातमोजे निकामी ठरले. म्हणजे नुसतं 'रायडिंग' लिहिलेलं असून भागत नाही, आतलं लेबल वाचावं लागतं.

जॅकेट: मेश की ऑल-वेदर

लेबलवर ईएन १७०९२ हा युरोपीय मानकाचा आकडा आणि पुढे एएए, एए किंवा ए शोधायचं. एएए सर्वांत दणकट, ए सर्वांत हलकं. बी असेल तर त्यात आर्मर नसतं, आणि सी म्हणजे आर्मर आहे पण घासण्यापासून संरक्षणाचा दावा नाही. हायवेला एए असावं, ए निदान. लेबलच नसेल तर दुकानदाराचं 'इंटरनॅशनल क्वालिटी' ऐकून घ्यायचं आणि जॅकेट परत हँगरला लावायचं.

ऑल-वेदर जॅकेटचं कापड घट्ट विणीचं असतं, छातीला-पाठीला चेनचे झरोके, आत पाण्यासाठी आणि थंडीसाठी असे दोन लायनर, म्हणजे काढता येणारी अस्तरं. घासण्यात ते मेशपेक्षा, म्हणजे जाळीदार कापडापेक्षा, सरस. वर्षातून एकदा लडाख किंवा स्पिती करायची असेल तर हेच घ्या. पण पुणे-चिपळूणला? ट्रकांच्या रांगेत उभं राहिलं की पाच मिनिटांत माणूस इडलीसारखा वाफवून निघतो. मग पुढच्या वेळी 'आज जवळच जायचंय' म्हणून ते घरी राहतं, आणि कपाटातल्या एएएचा काही उपयोग नाही.

मेशमधून वारा आरपार जातो. कोकणच्या दमटपणात, गाडी चालती असेपर्यंत, यासारखं सुख नाही. मात्र हवेचं तापमान चाळिशीपार गेलं की गणित उलटतं. वारा अंगापेक्षा गरम असतो, घाम क्षणात उडतो आणि शरीर कोरडं पडतं. विदर्भातल्या रायडर मित्रमंडळींचा उपाय सोपा आहे: आतला टी-शर्ट ओला करून घालायचा, तो सुकला की पुन्हा भिजवायचा आणि पाणी पीत राहायचं.

पावसाचं काय? बऱ्याच मेश जॅकेटांसोबत आत लावायचा वॉटरप्रूफ लायनर येतो. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात पाऊस आला की झाडाखाली गाडी लावा, जॅकेट उतरवा, लायनरच्या चेनी लावा, तोवर तुम्ही भिजलेलेच. वरून जॅकेट पाणी पिऊन जड होतं ते वेगळंच, आणि घाटातल्या वाऱ्यात ते ओलं कापड गारठवतं. त्यापेक्षा जॅकेटच्या वरून चढवायचा, एक साइज मोठा, साधा रेनसूट घ्यावा. दोन मिनिटांचं काम, खिशातला मोबाइलही कोरडा राहतो. दिसतं गबाळं, पण कोयनेच्या पावसात बघतंय कोण?

चामड्याचं जॅकेट घासण्यात आजही अव्वल आहे. पण कोकणातल्या जुलैत त्याला बुरशी येते. विषय संपला.

आर्मरकडे येऊ. खांदे-कोपरांना ते बहुतेक जॅकेटांत असतं. फसवणूक होते ती पाठीत. पाठीच्या कप्प्यात हात घालून बघा, अनेकदा पॅकिंगला वापरतात तसला नुसता फोमचा तुकडा निघतो. पाठीच्या आर्मरचं मानक ईएन १६२१-२. चाचणीत ५० ज्यूलचा आघात देतात आणि पलीकडे सरासरी किती बल पोचतं ते मोजतात. लेव्हल १ मध्ये मर्यादा १८ किलोन्यूटन, लेव्हल २ मध्ये ९. फरक थेट दुपटीचा आहे. जॅकेट थोडं स्वस्त चालेल, पाठीला लेव्हल २ घालावं.

बायकांसाठी वेगळी अडचण. 'विमेन्स' म्हणून मिळतं ते कित्येकदा पुरुषांचंच जॅकेट कंबरेत आवळलेलं, वर एक गुलाबी पट्टी. बाही लांब असली की कोपराचं आर्मर मनगटाकडे घसरतं, आणि पडल्यावर ते असून नसल्यासारखं.

पँट: तीन पर्याय, त्यातला एक अर्धाच

नी-गार्ड जीन्सवर बांधणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय, दीड-दोन हजारांत होतो. शहरात ठीक. पण तो फक्त गुडघा आणि नडगी सांभाळतो. घसरताना नितंब आणि मांडीची बाजू रस्त्याला लागते, तिथे जीन्सच. शिवाय तासाभराने पट्टे सैल होतात आणि गार्ड पिंढरीकडे सरकतं.

अरामिड म्हणजे केव्हलरसारख्या धाग्याचं अस्तर असलेली रायडिंग जीन्स दिसायला साधी. ती घालून थेट कुणाच्या साखरपुड्यालाही जाता येतं. मात्र लेबल बघूनच घ्यायची, कारण काहींत अस्तर फक्त गुडघ्यापुरतं असतं. कोकणात ती गरम होते आणि भिजली की दोन दिवस वाळत नाही.

तिसरी टेक्सटाइल किंवा मेशची रायडिंग पँट. गुडघ्यांना आर्मर, कमरेच्या बाजूंना आर्मरसाठी कप्पे, आणि जॅकेटला जोडायची चेन. ही चेन क्षुल्लक वाटते, पण घसरताना जॅकेट वर सरकून कंबर उघडी पडते ती हिच्यामुळे पडत नाही. काही कंपन्या कमरेचे कप्पे रिकामे देतात, आर्मर वेगळं घ्यावं लागतं. भाच्याला मी हीच सांगितली. तो म्हणाला, "फार अवघडल्यासारखं दिसतं गं." पहिले दोन वीकेंड दिसेल. नंतर पेट्रोल पंपावरचा माणूसही वळून बघत नाही.

हेल्मेट

आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा आकडा कायद्यानेच हवा, २०२१ पासून त्याशिवाय हेल्मेट विकताच येत नाही. रस्त्याकडेला ढिगाने मांडलेल्यांवर 'डॉट' असा स्टिकर दिसतो. डॉट हे अमेरिकेचं मानक, त्याची खात्री तिथे कंपनी स्वतःच देते. फुटपाथवरच्या स्टिकरला तर तेवढाही अर्थ नाही.

प्रश्न राहतो नुसतं आयएसआय की आयएसआय अधिक ईसीई २२.०६. या युरोपीय मानकाच्या नव्या आवृत्तीत कमी-जास्त वेगांच्या आघातांसोबत डोक्याला बसणारी गिरकी, म्हणजे तिरक्या आघाताने होणारं फिरणं, तेही तपासतात. रस्त्यावर डोकं सरळ आपटत नाही, तिरकंच आपटतं. म्हणून दोन-अडीच हजारांऐवजी पाच-सहा हजार इथे घालावेत. चिन-स्ट्रॅपवर शिवलेल्या लेबलवर वर्तुळात ई आणि नंबर असतो, मंजुरीचा क्रमांक ०६ ने सुरू होतो.

फुल-फेस की हनुवटी उचलता येणारं मॉड्युलर? चष्मेवाल्यांना आणि टपरीवर चहा पिणाऱ्यांना मॉड्युलर सोयीचं, पण जड आणि वाऱ्याचा आवाज जास्त. घेतलंच तर लेबलवर पी आणि जे दोन्ही हवेत, नुसतं जे असेल तर हनुवटीची पट्टी संरक्षणासाठी तपासलेली नाही. अर्ध्या हेल्मेटबद्दल बोलायलाच नको. जर्मन संशोधक डिटमार ओट्टे यांच्या अपघात-अभ्यासात हेल्मेटवरचे साधारण एक तृतीयांश आघात हनुवटीच्या भागात आढळले होते.

रंग काळा नको. ऑकलंडमधल्या एका अभ्यासात, २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या, पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना काळं घालणाऱ्यांपेक्षा अपघातात जखमी होण्याचा धोका २४ टक्क्यांनी कमी दिसला. चमकणारे किंवा फ्लुरोसंट कपडे घालणाऱ्यांना ३७ टक्क्यांनी. आणि दुकानात जे रस्त्यावर ऐटबाज दिसेल असं वाटतं, ते बहुतेक मॅट ब्लॅकच असतं.

हात आणि पाय

आखूड ग्लोव्हज उकाड्यात बरे, मनगटावर चढणारे लांब ग्लोव्हज पडताना बरे. कोणतेही घ्या, पण तळहाताच्या टाचेवर कडक, घसरणारा तुकडा हवा. पडताना हात आपोआप पुढे जातो, आणि तळहात डांबराला चिकटला की मनगट मोडतं. मनगटाचा पट्टा लावून ग्लोव्हज ओढून बघा. निघून आला तर ठेवून द्या.

बुटांत पैसे वाचवता येतात. खास रायडिंग बूट चार-पाच हजारांच्या पुढे. पण वर सांगितलेल्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात साध्या घोटाबंद बुटांनीही, स्पोर्ट्स शूजच्या तुलनेत, पायाच्या इजा निम्म्याहून कमी केल्या होत्या. म्हणून सध्या चामड्याचे, घोटा झाकणारे बूट. लेस आत खोचायची, नाहीतर गिअरमध्ये अडकते.

तर भाच्याला दिलेली वाटणी, किमती ढोबळच: हेल्मेट साडेपाच हजार, मेश जॅकेट साडेसात, पाठीचं लेव्हल २ आर्मर दीड, पँट कमरेच्या आर्मरसकट साडेसहा, ग्लोव्हज दोन, बूट दोन. झाले पंचवीस. रेनसूट मागच्या वर्षीचा आहे. पुढच्या बोनसला रायडिंग बूट.

दुकानात जाताना बाइक घेऊनच जा म्हटलं. आरशासमोर उभं राहून सगळंच बरोबर बसतं. पँट घालून बाइकवर बस, पाय फूटरेस्टवर ठेव, आणि मग चाचपून बघ, आर्मर अजून गुडघ्यावर आहे की नडगीवर उतरलंय.